मशीन बंद पडतं कारखान्यात, फटका बसतो शेतकऱ्याला
टीपीएम म्हणजे काय, ते वाळूजला कसं चालतं आणि आपल्या हळद बॉयलरपासून साखर कारखान्यापर्यंत त्याचा काय उपयोग?

साखरा (ता. सेनगाव) : मागच्या हळदीच्या हंगामातली गोष्ट. माझी हळद काढून झाली होती. शेतात कंदाचा ढीग पडलेला. शिजवायला भाड्याचा बॉयलर आला. पहिल्या दिवशी काम बरं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाफेच्या पाइपचं पॅकिंग उडालं आणि सगळं ठप्प. सुटा भाग आणायला माणूस हिंगोलीला गेला, माप चुकलं, परत गेला. दीड दिवस गेला. मजूर झाडाखाली बसून, चुलीतला जाळ वाया, वर आभाळ भरून आलेलं. पॅकिंगची किंमत विचाराल तर दोनशे रुपयांच्या आत.

यातली खरी गोष्ट पुढंच आहे. त्या जॉइंटमधून आदल्या दिवसापासून वाफ निसटत होती. चालवणाऱ्या पोरानं बघितलं, मजुरांनी बघितलं, मीही बघितलं. पण कोणीच काही केलं नाही. पोराला वाटलं, दुरुस्ती मिस्त्रीचं काम. मिस्त्रीला कोणी सांगितलं नाही. मालक दुसऱ्या गावाला. आणि मला वाटलं, मशीन माझं नाही, मी कशाला बोलू?

आपल्या भागात हळदीचे बॉयलर, पॉलिश मशीन, डाळमिल, जिनिंग, शेतकरी कंपन्यांचे ग्रेडिंग युनिट, साखर कारखाने, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच चालतं. मशीन बंद पडलं की धावपळ, चालू झालं की विसर. मोठ्या कारखान्यांनी मात्र या रोगावर एक पद्धत बसवली आहे. तिचं नाव टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे टीपीएम. आपल्या गावातली जी पोरं वाळूज, चाकण, रांजणगावला कामाला आहेत, त्यांना हा शब्द पाठ आहे. दिवाळीला घरी आलेल्या एखाद्याला विचारून बघा.

टीपीएम म्हणजे नेमकं काय?

ही पद्धत जपानची. निप्पॉनडेन्सो ही टोयोटा गटातली कंपनी गाड्यांचे इलेक्ट्रिकचे भाग बनवायची. आज तिला डेन्सो म्हणतात. कारखान्यात आपोआप चालणारी मशीनं वाढत गेली, तसे दुरुस्ती विभागाचे हात कमी पडायला लागले. मग कंपनीनं ठरवलं की रोजची निगा मशीन चालवणाऱ्यानंच राखायची आणि दुरुस्ती विभागानं मोठ्या, अवघड कामाकडं लक्ष द्यायचं. १९७१ मध्ये या कामाबद्दल तिला जपानच्या देखभाल संस्थेचा पुरस्कार मिळाला आणि टीपीएम हे नाव पुढं आलं. सेइची नाकाजिमा या जपानी तज्ज्ञानं ही पद्धत जगभर पोहोचवली. भारतात सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं तिचा प्रसार केला.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळण करतो. खांद्याला हळद-तूप चोळताना हात फिरतो तेव्हाच कळतं, कुठं सूज आहे, कुठं जू लागलंय. चोळणं आणि तपासणं एकच. टीपीएमचा पहिला धडा हाच आहे. मशीन पुसताना सैल बोल्ट हाताला लागतो, तेलाची गळती दिसते, बेअरिंग गरम झालेलं कळतं. चिखल-तेलाच्या थराखाली झाकलेली तडा कोणाला दिसत नाही. म्हणून त्यांच्याकडं सफाई हीच तपासणी मानतात. फरक एवढाच, आपण बैलाला वर्षातून एकदा मळतो आणि तिथं हे रोज चालतं.

वाळूजला हे कसं चालतं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. मराठवाड्यातल्या किती घरांची चूल त्यावर आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांवर पेटते, हे वेगळं सांगायला नको. बजाजनं टीपीएम स्वतःच्या कारखान्यांत राबवलं आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांनाही त्यात ओढलं. कारण सरळ आहे. पुरवठादाराचं मशीन बंद पडलं की मोटारसायकलची लाइन इकडं थांबते.

अशा कारखान्यात टीपीएम एका दिवसात सुरू होत नाही. आधी वरचा साहेब सगळ्यांसमोर जाहीर करतो की हे आपण करणार. मग शिक्षण होतं, समित्या बनतात. मग एखादं नमुना मशीन निवडतात, बहुतेक वेळा सगळ्यात त्रास देणारं. साहेब, इंजिनिअर, ऑपरेटर सगळे मिळून ते मशीन उघडून पुसतात. जिथं बिघाड दिसेल तिथं चिठ्ठी बांधतात. ऑपरेटरला स्वतःला दुरुस्त करता येईल तिथं पांढरी चिठ्ठी, दुरुस्ती विभागाचं काम असेल तिथं लाल. चिठ्ठी कधी लावली आणि कधी काढली, त्याची नोंद राहते. त्या मशीनवर पद्धत बसली की बाकीच्या मशीनवर नेतात. सगळा कारखाना या शिस्तीत यायला साधारण तीन वर्षं धरावी लागतात.

पोरं ज्याला जेएच म्हणतात ते जिशू होझेन. हा जपानी शब्द आहे, अर्थ चालवणाऱ्यानं स्वतः राखलेली निगा. पाळीच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं सफाई, तेल-ग्रीस, तपासणी आणि नट-बोल्ट आवळणं. कुठं काय बघायचं याचा तक्ता मशीनवरच चिकटवलेला असतो, फोटोसकट. ही दहा मिनिटं कामाच्या वेळेतली असतात, त्यांचा पगार मिळतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

हिशेब : आपलं मशीन किती टक्के चालतं?

टीपीएममध्ये मशीनला मार्क देतात. तीन गोष्टी बघतात. ठरलेल्या वेळेपैकी ते किती वेळ चाललं, चाललं तेव्हा पूर्ण वेगानं चाललं का, आणि निघालेल्या मालापैकी चांगला किती. तिन्हींचा गुणाकार म्हणजे मशीनची खरी कामगिरी.

हळदीच्या बॉयलरवर समजून घेऊ. समजा दिवसाचे १२ तास काम ठरलंय आणि तासाला ४ ड्रम शिजायला पाहिजेत. म्हणजे दिवसाला ४८ ड्रम. आता प्रत्यक्षात बघा :

- १२ तासांपैकी ३ तास बॉयलर बंद राहिला. चालला ९ तास, म्हणजे ७५ टक्के.
- ९ तासांत ३६ ड्रम व्हायला पाहिजे होते. वाफेची गळती, ओलं सरपण यामुळं झाले २७. पुन्हा ७५ टक्के.
- २७ पैकी ३ ड्रम कच्चे किंवा जास्त शिजले. चांगले निघाले २४, म्हणजे सुमारे ८९ टक्के.

तिन्हींचा गुणाकार ५० टक्के. ४८ ची ताकद असलेल्या मशीननं २४ ड्रम दिले. संध्याकाळी मालकाला विचारा, तो म्हणेल, आज तीन तास बंद होतं, बाकी मशीन चांगलं चाललं. पण निम्मा दिवस कुठं गेला, हे त्यालाही माहीत नसतं. जगात चांगल्या कारखान्याची खूण म्हणून ८५ टक्क्यांचा आकडा धरतात. आपण आधी मोजायला लागलो तरी पुष्कळ.

यात बिचाऱ्या मशीनचा प्रत्येक वेळी दोष नसतो. कमी दाबाची वीज, एक फेज जाणं, मोटर जळणं हा आपल्याकडचा रोजचा ताप. तोही लिहून ठेवायचा. किती तास विजेनं खाल्ले आणि किती तास आपल्या हलगर्जीनं, हे वेगळं दिसलं की महावितरणकडं जाताना हातात कागद असतो आणि स्वतःची चूक विजेवर ढकलता येत नाही.

उसाचं उदाहरण : ०.१ टक्क्याची किंमत

आमच्या साखरा भागात सोयाबीन, तूर, हळद जास्त. ऊस बघायचा तर वसमतकडं. तिथं पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर राज्यातल्या सगळ्या कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी टाकली जाते, फोटो छापून येतात. त्यात काही वावगं नाही. पण उन्हाळा-पावसाळ्यात मशीनची दुरुस्ती कशी झाली, याची बातमी कधी येत नाही. खरा हंगाम तर तिथंच ठरतो.

साखर कारखाना कुठलाही असो, मशीन थांबलं की काय होतं ते बघा. ऊस तोडल्यावर लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत गाळला जावा लागतो. उशीर झाला की उसातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. शिवाय आतली साखर फुटून तिचं रूप बदलतं, मग ती पोत्यात येत नाही, मळीत जाते. गाडी काट्यावर जायच्या आधी रांगेत उभी असेल, तर घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खिशातून जातं. काटा झाल्यावर यार्डात उभी असेल, तर कारखान्याचा साखर उतारा घसरतो. आणि उतारा घसरला तर शेवटी पुन्हा शेतकऱ्याचाच दर.

आकड्यात सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त, घटला की तेवढेच कमी. उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर पुढं कपात नाही. टनाचा हिशेब धरला तर ०.१ टक्का म्हणजे ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन ऊस असेल तर १,३८४ रुपये. हे एका एकराचं. कारखान्याला येणारा सगळा ऊस धरला तर आकडा कुठं जातो, ते तुम्हीच करून बघा.

उतारा फक्त मशीनवर ठरत नाही. उसाची जात, वय, हवामान, तोडणीची वेळ, सगळं त्यात येतं. पण सारखं थांबत चालणारं मशीन उतारा खातं, यात शंका नाही. साखर कारखान्यात गाळप किती तास थांबलं, हे कारणानुसार लिहिलं जातं. ऊस नव्हता म्हणून किती, यांत्रिक बिघाडानं किती, विजेच्या बिघाडानं किती. म्हणजे कागद तयार असतो. सभासदानं तो मागायचा असतो.

हे फसतं कुठं?

आता दुसरी बाजू. टीपीएम म्हणजे जादूची कांडी नाही. कामाला गेलेल्या पोरांशी बोललो की तीन तक्रारी कानावर येतात.

पहिली, पाटीपुरतं टीपीएम. ऑडिट यायचं म्हटलं की रंग मारायचा, पिवळे पट्टे ओढायचे, तक्ते लावायचे. साहेब गेले की जैसे थे. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालायचा आणि वर्षभर ग्रीस द्यायचं नाही, यातलाच हा प्रकार.

दुसरी, चिठ्ठ्यांना उत्तर न मिळणं. पोरानं इमानानं चिठ्ठी बांधली आणि महिनाभर कोणी बघितलंच नाही, तर तो दुसरी बांधत नाही. तिसऱ्या वेळी वाफ निसटताना दिसली तरी मान फिरवतो. माझ्या शेतात तेच झालं होतं. बघितलेलं सांगण्यात काही अर्थ आहे, असं माणसाला वाटलं पाहिजे. ते वाटणं मालकाच्या वागण्यातून येतं, तक्त्यातून येत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. निगा राखायची म्हणजे मशीनची ओळख पाहिजे. ओळख व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. कंत्राटी पोराला सहा-सात महिन्यांत घरी बसवायचं आणि नव्याला आणायचं, असं चाललं तर मशीनचा आवाज ओळखणारा माणूस तयार होणार कसा? मशीन तुझंच समज असं म्हणायचं आणि नोकरी मात्र त्याची नाही, हे जमत नाही. शिवाय निगा राखायची दहा मिनिटं कामाच्या वेळेतली पाहिजेत. पाळीच्या आधी फुकट राबवून घेतली तर ते टीपीएम नाही, ती वेठबिगारी. मघाशी लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी.

आपल्या गावात काय करता येईल?

आपल्या जिल्ह्यात पोकरा, स्मार्ट अशा प्रकल्पांमुळं शेतकरी गट आणि कंपन्यांना मशीनसाठी अनुदानाचा रस्ता झाला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, मशीन येतंय, पुढं ते टिकवायचं कोणी? अनुदान मशीन विकत घ्यायला असतं, रोजच्या तेल-ग्रीसला नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं. त्याला जपानी शब्द पाठ करायची गरज नाही. एवढं केलं तरी पुरे :

१) एक वही. मशीन कधी बंद पडलं, कधी चालू झालं, कोणता भाग गेला, का गेला. शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेला पेन. हंगाम संपल्यावर वाचली की कळतं, तीन-चार बिघाडच पुन्हा पुन्हा झालेत.

२) रोज सकाळी दहा मिनिटं. जाळ लावायच्या आधी पाण्याच्या काचेत पातळी, दाबाचा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाइपचे जॉइंट, पट्टा, बेअरिंगचं ग्रीस. ज्यानं बघितलं त्यानं सही करायची.

३) एका मशीनला एक माणूस. दहा जणांचं मशीन म्हणजे कोणाचंच नाही. चालवणारा ठरलेला असावा, त्याला शिकवावं आणि मशीन थांबवायचा अधिकारही द्यावा.

४) सुट्या भागांची पेटी. पॅकिंग, पट्टा, बेअरिंग, फ्यूज, पाण्याची काच. मापं पेटीच्या झाकणावर लिहून ठेवायची. हिंगोलीच्या दोन चकरा वाचतात.

५) हंगाम संपला की लगेच खोलायचं. बॉयलरमधलं पाणी काढून आतला क्षार साफ करायचा. पॉलिशच्या ढोलाची जाळी, शाफ्ट बघायचा. जानेवारीत मिस्त्री शोधायला गेलं की तो दहा गावांत अडकलेला असतो.

आणि बॉयलरबद्दल हात जोडून सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा वाफ सोडतो म्हणून त्याला वजन बांधणं, तारेनं आवळणं किंवा तोंड बंद करणं हे जिवाशी खेळणं आहे. पाणी कमी असताना तापलेल्या बॉयलरमध्ये एकदम गार पाणी सोडणंही तसंच. जाळ काढा, माणसं लांब करा, थंड होऊ द्या. बॉयलरसाठी देशात १९२३ पासून कायदा आहे, त्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. आपला बॉयलर त्यात बसतो का, नोंदणी लागते का, हे घेतानाच विचारून घ्या.

हळदीचा दर्जाही यावरच आहे. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत कंद शिजला पाहिजे. बॉयलर बंद म्हणून ढीग पडून राहिला, किंवा वाफ कमी-जास्त झाली, तर हळकुंड एकसारखं शिजत नाही, नीट वाळत नाही, पॉलिशला चमक येत नाही. मग हिंगोलीच्या संत नामदेव मार्केटात व्यापारी मूठभर हळद हातात घेतो आणि दर पाडून बोलतो. त्याला तुमचं पॅकिंग उडाल्याची कहाणी ऐकायची नसते.

सभेत एक प्रश्न विचारा

सहकारी कारखाना असो की शेतकरी कंपनी, वार्षिक सभा बहुतेक सप्टेंबरअखेर होते. आपण जातो, चहा घेतो, अहवाल घडी घालून खिशात ठेवतो. भाव किती देणार, एवढाच प्रश्न विचारतो. यंदा दुसरा प्रश्न विचारा. मागच्या हंगामात मशीन किती तास बंद होतं, त्यातले बिघाडाचे किती, आणि तेच बिघाड पुन्हा होऊ नयेत म्हणून काय केलं? हा प्रश्न भावाचाच आहे, फक्त आधीच्या टोकाकडून विचारलेला.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. यंदा बॉयलर शेतात आला की आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारणार. वाफ निसटताना दिसली तर मशीन माझं नाही म्हणून गप्प बसणार नाही. मशीन त्याचं असलं तरी हळद माझी आहे.